तपास संपल्याची धून

मेलेल्या माणसाच्या घरात मी उभी आहे. दिवा चालू आहे, कपाटाचं दार अर्धवट उघडं आहे आणि खिडकीबाहेर १९४७ सालचं लॉस एंजेलिस. मागे संथ संगीत वाजतंय. त्या संगीताचा अर्थ एवढाच, की इथे अजून काही सापडायचं बाकी आहे. मी चालत राहते. एखाद्या कामाच्या वस्तूजवळ आले की पियानोचे सूर टिणकतात, हातातला कंट्रोलर थरथरतो. मग खाली वाकायचं, वस्तू उचलायची आणि ती फिरवून फिरवून बघायची. कुठे काही कोरलंय का, आतल्या बाजूला कुणी काही लिहून ठेवलंय का. असं करता करता शेवटची वस्तू हाती लागते आणि संगीत थांबतं.

त्या थांबण्याने मला पहिल्यांदा केवढं समाधान दिलं होतं! सगळं सापडलं. आता इथून निघायचं, संशयिताला समोर बसवायचं, प्रश्न विचारायचे. जणू खोलीनेच म्हणावं, झालं तुझं काम, जा आता. खूप नंतर तोच व्हिडिओ गेम दुसऱ्यांदा खेळायला घेतला तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन ते संगीत, ते सूर आणि ती थरथर, तिन्ही बंद केली. नंतर जी शांतता पसरली तिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

'एल. ए. न्वार' २०११ साली आला. सिडनीच्या टीम बाँडी या कंपनीने तो बनवला, रॉकस्टार कंपनीने बाजारात आणला. आपण असतो कोल फेल्प्स, महायुद्धातून परतलेला आणि पोलीस खात्यात भराभर वर चढत गेलेला माणूस. त्या वेळी सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती या गेममधल्या चेहऱ्यांची. खऱ्या नटांना प्रखर उजेडात खुर्चीवर बसवून ३२ कॅमेऱ्यांनी त्यांचे चेहरे टिपले होते. त्यामुळे संशयित बोलताना नजर चोरतो, आवंढा गिळतो, ओठ दाबून धरतो, आणि ते हेरून आपण ठरवायचं: हा खरं बोलतोय, याच्याबद्दल शंका आहे, की हा खोटं बोलतोय. खोटं म्हणायचं तर हातात पुरावा हवा. २०१७ च्या नव्या आवृत्तीत या तीन पर्यायांची नावं बदलून चांगला पोलीस, वाईट पोलीस आणि आरोप अशी केली. मला तो बदल प्रामाणिक वाटला. कारण 'शंका' निवडली की फेल्प्स नुसती शंका घेऊन थांबत नसे, समोरच्यावर तुटून पडत असे. आपल्याला वाटायचं आपण फक्त भुवई उंचावली.

पण माझा जीव अडकला तो वस्तूंमध्ये. या गेममध्ये बिनकामाच्या वस्तूही उचलता येतात. फेल्प्स त्या हातात घेतो, बघतो, याचा तपासाशी संबंध नाही अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि ठेवून देतो. त्या वस्तू आपल्याला चकवण्यासाठी मांडलेल्या असतील, तरी मला त्यांच्यापाशीच रेंगाळावंसं वाटायचं. जिच्या खुनाचा तपास चाललाय ती बाई फेल्प्सला जिवंत कधीच भेटत नाही. तिची ओळख होते ती तिच्या घरातून. कोणती गोष्ट तिने हाताशी ठेवली होती, कोणती आत जपली होती, कशावर धूळ बसू दिली होती. खुनाशी संबंध नसेल, पण तिच्या जगण्याशी त्या प्रत्येक वस्तूचा संबंध होताच की. घटनास्थळ म्हटलं की आपल्याला खुनी दिसायला लागतो. तिथे राहत असलेल्या माणसाचं ते घर असतं, हे पटकन विसरायला होतं.

खरा तपास अर्थात असा चालत नाही. फेल्प्स उघड्या हातांनी हत्यार उचलून गरागरा फिरवतो. खऱ्या घटनास्थळी कुणी असं केलं तर त्यावरचे ठसे गेलेच म्हणायचे. तिथे काहीही हलवण्याआधी फोटो काढतात, लांबून, मधल्या अंतरावरून आणि अगदी जवळून, जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवून. शोधायची रीतही ठरलेली असते: जागेच्या पट्ट्या पाडायच्या, चौकटी आखायच्या किंवा गोल फिरत जायचं. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबत नाहीत, वाळवून कागदात ठेवतात, कारण कोंडलेल्या ओलाव्यात बुरशी धरते आणि नमुना कुजतो. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली त्याची नोंद ठेवावी लागते. आणि एवढं सगळं सांभाळूनही खूण प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगेल याची खात्री नसते. अंधारात रक्ताचे डाग चमकवणारं लुमिनॉल ब्लीच लागलं तरी चमकतं. फरशीवर निळसर उजेड उमटला, तर तिथे रक्त सांडलं असेल किंवा कुणी नुसतीच फरशी घासून काढली असेल.

मराठीत घटनास्थळाच्या नोंदीला 'पंचनामा' म्हणतात. मूळ अर्थ किती संयमाचा आहे! जे आहे, जिथे आहे, जसं आहे, ते साक्षीदारांसमोर लिहून काढायचं. कुणी केलं, का केलं, हे त्यात येत नाही. बोलण्यात मात्र 'त्याचा चांगला पंचनामा केला' म्हटलं की त्याला सगळ्यांसमोर सोलून काढला असा अर्थ होतो. नोंद करण्यापासून निकाल लावून मोकळं होण्यापर्यंत हा शब्द घसरत आला. ती घसरण माझ्या चांगल्या ओळखीची आहे. त्याचं पुढे सांगते.

या खेळांचे पूर्वज शोधायला निघालं तर कॉम्प्युटर येण्याच्याही आधी एका बाईंपाशी जाऊन पोचावं लागतं. फ्रान्सिस ग्लेसनर ली, जन्म १८७८, अमेरिकेतल्या श्रीमंत घरातला. न्यायवैद्यकाचा त्यांना ध्यास होता; हार्वर्ड विद्यापीठात त्या विषयाचा विभाग उभा राहिला तो त्यांच्या देणगीतून. १९४० च्या दशकात त्यांनी मृत्यूच्या खोल्या बनवायला घेतल्या, बाहुलीघरासारख्या, एका फुटाला एक इंच या मापाने. खोलीत इवलासा मृतदेह, इवलाले पडदे, भिंतीवर कॅलेंडर, स्टोव्हवर भांडी. बाहुल्यांचे पायमोजे त्यांनी टाचण्यांवर विणले होते. हा खून आहे, आत्महत्या आहे, अपघात आहे की नुसतं आलेलं मरण, हे बघणाऱ्याने ठरवायचं. प्रशिक्षणाला आलेल्या पोलिसांना एकेका खोलीसमोर साधारण ९० मिनिटं मिळत. बाईंचं सांगणं असं, की नजर कडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत मध्याकडे न्यायची. यात मोठं शहाणपण आहे, कारण मृतदेह नजरेला आधी स्वतःकडे खेचून घेतो, आणि तो बघितल्यावर बाकीची खोली आपण त्याच्याच संदर्भात बघायला लागतो. यातल्या १८ खोल्या आजही बाल्टिमोरमध्ये, मेरीलँडच्या मुख्य वैद्यकीय तपासणी कार्यालयात आहेत. अजूनही त्यांच्यावर शिकवलं जातं, म्हणून त्यांची उत्तरं जाहीर केलेली नाहीत.

त्या खोल्यांचे फोटो मी तासन्‌तास बघितले आहेत. जी बाई मृत्यूच्या खोलीतल्या बाहुलीसाठी पायमोजे विणते, तिला त्या मेलेल्या माणसाबद्दल आदर होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पुढे हा शोध कॉम्प्युटरवर आला तेव्हा आधी तो नुसत्या शब्दांतून आला. इन्फोकॉम कंपनीचा 'डेडलाइन' हा गेम १९८२ चा, मार्क ब्लँकने लिहिलेला. पडद्यावर चित्र एकही नाही. सगळा मजकूर डिस्कवर मावेना, म्हणून काही पुरावे खोक्यातच घालून दिले होते: जबाबांचे कागद, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचा फोटो, पुडीत बांधलेल्या गोळ्या. तपासाला गेममधले बारा तास मिळतात. घरातली माणसं आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे वावरत असतात. तुम्ही एका खोलीत रेंगाळलात तर दुसऱ्या खोलीत जे घडायचं ते तुमच्यावाचून घडून जातं.

ली बाईंची ९० मिनिटं काय किंवा हे बारा तास काय, दोन्हीकडे तपास थांबवतं ते घड्याळ. घड्याळ निष्ठुर असतं, पण ते खोटं बोलत नाही. तुमचा वेळ संपला एवढंच ते सांगतं. शोधण्यासारखं काही उरलं नाही असं ते कधीच म्हणत नाही. 'एल. ए. न्वार'मधलं संगीत मात्र थांबताना नेमकं तेच म्हणतं.

इथे त्या गेममधलं एक रहस्य फुटणार आहे. ज्यांना तो स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

जानेवारी १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ शॉर्ट नावाच्या तरुणीचा खरोखरच खून झाला होता. वर्तमानपत्रांनी तिला 'ब्लॅक डालिया' हे नाव चिकटवलं. तिचा खुनी कधीच सापडला नाही. गेममध्ये फेल्प्स खून विभागात येतो तेव्हा त्या घटनेची सावली सगळ्या शहरावर असते, आणि एकामागून एक बायकांचे खून होत जातात. एका प्रकरणात समोर दोन माणसं उभी राहतात. एक मेलेल्या बाईचा नवरा, जो आपले बूट जाळून टाकायच्या प्रयत्नात असतो. दुसरा लहान मुलांवर अत्याचार करणारा माणूस, ज्याच्याविरुद्धही तितकाच घट्ट पुरावा जमतो. आरोप कुणावर ठेवायचा ते आपण ठरवायचं. वरिष्ठांना दुसरा हवा असतो, कारण असला माणूस आत गेलेला बरा. मीही दुसऱ्याचंच नाव घेतलं आणि मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

दोघांनीही तो खून केलेला नसतो. त्या मालिकेत ज्या ज्या माणसाला आपण खुनी ठरवून आत टाकलं, त्यातला एकही खुनी नसतो. खरा माणूस वेगळाच असतो आणि पुरावे त्यानेच पेरलेले असतात. प्रत्येक खोलीत संगीत थांबलं होतं. प्रत्येक खोलीत जे सापडायचं ते सगळं सापडलं होतं. वस्तूही खऱ्या होत्या, फक्त त्या तिथे का होत्या हे मी कधी विचारलं नव्हतं. अनेक खेळाडूंना हा भाग फसवणुकीचा वाटला. एवढी मेहनत करून शेवटी सगळेच निकाल चुकीचे ठरणार, मग खेळलो कशाला, असा त्यांचा सवाल. मला तो सवाल समजतो, तरी मी त्यांच्या बाजूची नाही. मला तो भाग गेममधला सगळ्यांत धाडसी वाटतो. हे उलगडलं त्या रात्री कंट्रोलर खाली ठेवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मला एक पाकीट आठवत होतं.

माझ्या पंचविशीच्या आसपासची गोष्ट. मी आणि एक मैत्रीण एका खोलीत राहत होतो. माझा मोठा भाऊ घरात भांडून निघून गेला होता, वर्षभर त्याचा ठावठिकाणा नव्हता. एका संध्याकाळी कामावरून परतले तर टेबलावर त्याचं पत्र. पाकिटाचं तोंड उघडं. वर कपाचा गोल डाग. मैत्रीण दाराशी उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळं ठीक होईल गं."

माझ्या डोक्यात सगळं जुळायला क्षणही लागला नाही. पाकीट उघडलेलं आहे. वर कपाचा डाग आहे, म्हणजे ही इथे निवांत बसून वाचत होती. आणि पत्रात काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय 'ठीक होईल' असं कोण कशाला म्हणेल? मी तिला विचारलं नाही, सांगितलं. "तू वाचलंस." ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने नजर खाली घातली. मी ती खाली गेलेली नजरसुद्धा पुराव्यात जमा केली. महिना संपला तेव्हा ती खोली सोडून गेली. तिच्या जाण्यालाही मी कबुली समजले.

अकरा वर्षांनी ती भेटली, आमच्या दोघींच्या ओळखीतल्या एकीच्या घरी. विषय तिनेच काढला, आवाज न चढवता. त्या दिवशी पाऊस होता. पाकीट आलं तेच भिजून आलं. ओलाव्याने गोंद सुटलेला होता. तिने ते पुसलं, सुकायला म्हणून टेबलावर ठेवलं, पंख्याने उडून जाऊ नये म्हणून वर कप ठेवला. पाकिटाच्या मागे भावाचं नाव होतं, आणि ते नाव घेऊन मी कितीतरी रात्री तिच्याजवळ रडले होते. म्हणून ती म्हणाली, सगळं ठीक होईल.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नव्हतंस," ती म्हणाली.

माझ्या चुकीची किंमत एक मैत्री होती. याहून फार मोठी किंमत मोजायला लावणारी चूक प्रशिक्षित माणसांच्या हातूनही अशीच होते. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटरच्या एका पिशवीवर मिळालेला बोटाचा ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा आहे, असं एफबीआयने ठरवलं. एका तज्ज्ञाने जुळवणी केली, मग दुसऱ्याने दुजोरा दिला, मग तिसऱ्याने. स्पेनचे पोलीस जुळत नाही म्हणत होते, तरी त्या वकिलाला अटक झाली. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं, वकील सुटला आणि एफबीआयला माफी मागावी लागली. यातली एक बारीक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पडताळणी करणाऱ्यांना आधीच्या माणसाचा निष्कर्ष माहीत होता. कोरी नजर घेऊन त्या ठशासमोर कुणी बसलंच नव्हतं. पहिल्याच्या डोक्यात संगीत थांबलं, आणि मागून आलेल्यांना ती थांबलेली शांतताच मिळाली.

म्हणून 'रिटर्न ऑफ दि ओब्रा डिन' हा गेम मला इतका जवळचा वाटतो. लुकस पोपने जवळजवळ एकट्याने बनवलेला हा गेम २०१८ साली आला. काळ १८०७ चा. हरवलेलं एक जहाज बंदराशी परत येतं, आत जिवंत माणूस नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने आलेले विमा निरीक्षक. सगळा पडदा दोन रंगांत, एक उजेडाचा, एक अंधाराचा, ठिपक्या-रेघांनी कोरल्यासारखा. हातात एक खिशातलं घड्याळ. मृतदेहापाशी ते उघडलं की आधी काळोखात त्या माणसाचे शेवटचे आवाज ऐकू येतात आणि मग तो ज्या क्षणी मेला तो क्षण गोठून समोर उभा राहतो. त्या क्षणात आपण चालत फिरू शकतो. बंदुकीतून निघालेला धूर हवेत लटकलेला, कुणीतरी पळता पळता थिजलेलं, कोपऱ्यात तिसराच कुणी मान वळवून बघतोय. एकूण ६० माणसं. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, मेला असेल तर कसा, कुणी मारलं, हे वहीत भरायचं.

इथे वस्तूजवळ गेल्यावर काही टिणकत नाही. सगळा गोठलेला क्षणच पुरावा असतो, आणि त्यातलं काय बघायचं हे आपल्यावर. खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवर क्रमांक आहेत आणि जहाजावरच्या माणसांच्या यादीतही क्रमांक आहेत, हे लक्षात यायला मला फार दिवस लागले. त्या क्षणात वर मोठी घटना चाललेली असते, माझी नजर तिच्यावरच खिळायची. एके दिवशी घटनेकडे पाठ करून मी खालच्या अंधाऱ्या मजल्यावर गेले, झोळीला लावलेला क्रमांक वाचला, यादी उघडली, आणि इतके दिवस 'तो टोपीवाला' असलेल्या माणसाला नाव मिळालं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं होतं. आवाजातला उच्चार, अंगावरचा कपडा, कोण कुणाशेजारी उभा राहतो, कोण कुणाला कुठल्या भाषेत हाक मारतो, अशा खुणांवरून एकेक माणूस गर्दीतून वेगळा होत जातो. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच, फक्त इथे प्रत्येक सूत ताणून बघावं लागतं.

आणि एक नियम या गेममध्ये असा आहे की त्यासाठी मी पोपला मनोमन हात जोडते. तुमचं उत्तर बरोबर आहे हे गेम लगेच सांगत नाही. तीन माणसांची माहिती पूर्ण बरोबर भरली तरच ती तिन्ही एकदम पक्की होतात. दोन बरोबर आणि तिसरं चूक असेल तर वही गप्प. मग आपण आपल्याच उत्तरांकडे संशयाने बघायला लागतो. याला मी का ओळखलं? कशावरून? की नुसतं वाटलं म्हणून? शेवटी शेवटी मीसुद्धा काही नावं अंदाजाने बदलत राहिले आणि ती जुळून पक्की झाली, पण त्या तिघांची मला आजही ओळख पटलेली नाही. त्यांची नावं मला माहीत आहेत, ते कोण होते ते माहीत नाही. आणि या वहीवर पुढे कुणाच्या वारसांना भरपाई मिळते, कुणाला दंड होतो. मी लिहिलेल्या ओळीचं कुणाच्या तरी घरी वजन पडतं, हे गेम संपता संपता कळतं.

लात्वियातल्या दोन भावांचा 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल' २०२२ चा. त्यातही गोठलेले क्षण आहेत आणि गाळलेल्या जागी शब्द भरून काय घडलं ते मांडायचं असतं. दोन किंवा त्याहून कमी शब्द चुकले असतील तर गेम तसं सांगतो. देखणा गेम आहे, पण ती एक सूचना आली की मी विचार सोडून शब्दांची अदलाबदल करायला लागते. फ्रॉगवेअर्सने २०१४ साली आणलेल्या शेरलॉक होम्सच्या 'क्राइम्स अँड पनिशमेंट्स'मध्ये तेच पुरावे वेगवेगळ्या रीतीने जोडून वेगवेगळे गुन्हेगार निघतात, चुकीच्या माणसाला शिक्षा करूनही प्रकरण बंद करता येतं, आणि शेवटी खरं उत्तर बघायचं की नाही हेही आपल्यावरच सोडलेलं असतं. सहापैकी दोन प्रकरणांत मी ते बघितलं नाही. त्या दोन माणसांबद्दल मी अजून अधूनमधून विचार करते.

सगळ्यांत पुढे गेला तो २०१५ चा 'हर स्टोरी'. सॅम बार्लोचा. समोर पोलिसांचा जुना कॉम्प्युटर, त्यात १९९४ साली एका बाईच्या घेतलेल्या जबाबांचे २७१ तुकडे. तुकडे क्रमाने बघता येत नाहीत. शब्द टाकून शोधायचं, आणि कितीही तुकडे सापडले तरी पहिले पाचच उघडतात. खेळ सुरू होतो तेव्हा शोधाच्या चौकटीत 'खून' हा शब्द आधीच टाइप केलेला असतो. पुढचा शब्द आपला. वीवा सायफर्ट या अभिनेत्रीचा चेहरा, तिचा आवाज, तिचे कपडे बदलत जातात आणि आपण कागदावर शब्द लिहीत बसतो. विचारलेले प्रश्न कधीच ऐकू येत नाहीत, फक्त उत्तरं येतात. उत्तरावरून प्रश्न ओळखायचा, ही सवय मला या गेमने लावली. कुणावर आरोप ठेवायचा नाही, कुणाला अटक करायची नाही, तुझं बरोबर आहे असं कुणी म्हणत नाही. पुरेसं बघून झाल्यावर पडद्यावर एक संवाद उघडतो आणि विचारतो, संपलं का तुझं? हो म्हटलं तर खेळ संपतो. नाही म्हटलं तर शोध चालू. मी तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्या वेळी हो म्हटलं तेव्हा मला उत्तर मिळालेलं नव्हतं, पण एवढं कळलं होतं की आता मी तिचं ऐकत नाहीये, माझ्या मनात तयार झालेल्या गोष्टीला दुजोरा देणारे शब्द शोधत बसलेय.

त्यानंतर मी 'एल. ए. न्वार' पुन्हा लावला आणि सगळे सूर बंद केले.

पहिल्याच घरात मी अडकले. आधीच्या वेळी जिथे काही मिनिटांत काम झालं होतं तिथे मी तासभर होते. सगळं बघितलं असं वाटायचं, दारापर्यंत जायचे, परत फिरायचे. पलंगाच्या पलीकडची बाजू बघितली का? कचऱ्याची टोपली? सोबतचा पोलीस दाराशी उभा, तो काही घाई करत नाही. एका ठिकाणी एक वस्तू मी मागे सोडून आले, आणि ते मला थेट चौकशीच्या खोलीत कळलं, समोरचा माणूस खोटं बोलतोय हे दिसत असताना ते सिद्ध करायला हातात काहीच नव्हतं तेव्हा. खेळाच्या हिशेबात माझे गुण कमी झाले. पण त्या माणसाकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. हातात पुरावा नसला की माणसाकडे बघायला वेळ मिळतो.

आणि दार ओलांडताना दर वेळी पोटात एक बारीकशी कळ यायची, जी आधी संगीतामुळे कधी जाणवली नव्हती. आता निघायचं हे मी ठरवलंय. इथे काही राहून गेलं असेल तर ते माझ्यामुळे राहिलं.

भावाचं ते पत्र अजून माझ्याकडे आहे, पाकिटासकट. भाऊ परत आला त्यालाही खूप वर्षं झाली. परवा रात्री गेम बंद केला आणि ते पाकीट काढलं. कपाचा डाग फिका झालाय. टेबलावरच्या दिव्याखाली ते आडवं धरलं, नजरेच्या रेषेत, जसं फेल्प्सच्या हातातली वस्तू मी फिरवून बघते तसं. सबंध कागद लाटालाटांचा झालेला आहे, भिजून वाळलेला कागद होतो तसा. पत्त्याच्या शेवटच्या ओळीतली निळी शाई खालच्या बाजूला पसरली आहे. फक्त त्या गोल डागाच्या आत, कप होता तेवढ्या जागेत, कागद सपाट आहे.